सातभाईंतला आठवा

रविवारी पहाटे पाच वाजता वर्ध्यात कुणाचा फोन वाजला, तर त्याची दोनच कारणं असतात. एक तर नात्यात कुणीतरी गेलेलं असतं, नाही तर भाऊंचा फोन असतो. पहिल्या कारणाचा फोन लोक उचलतात.

भाऊ म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. असा भाऊ आर्वीला असतो, हिंगणघाटला असतो, समुद्रपूरला दोन असतात आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. वय चाळीस ते साठ. नोकरी शिक्षकाची, बँकेतली किंवा महावितरणची. रविवारी सुट्टी असली म्हणजे झालं. गळ्यात दुर्बीण, खिशात दोरीनं पेन बांधलेली वही, पोटऱ्यांवर बोरीच्या काट्यांचे ओरखडे. गाडी जुनी. मागच्या सीटवर एक लोकरी स्वेटर कायम घडी घालून ठेवलेला असतो. तो भाऊंचा नाही. येणाऱ्याला थंडी वाजली तर असावा, म्हणून आहे. गेल्या चार हंगामांत त्याची घडी मोडलेली नाही.

लोकांना वाटतं, भाऊ पाखरांच्या मागे आहेत. पाखरांचं काय, ती दिसतातच. दसऱ्याला विजेच्या तारेवर नीलपंख दिसला की भाऊंचा हंगाम सुरू होतो, तो शिमग्यापर्यंत. या पाच महिन्यांत ते ज्याच्या मागावर असतात तो प्राणी दोन पायांचा, बिनपंखी आणि अतिशय बुजरा आहे. त्याला सोबती म्हणतात.

त्याची शिकार कशी चालते, ते मी जवळून पाहिलंय, कारण एकदा मीच सापडलो होतो. भाऊ चहाच्या टपरीवर दबा धरून बसतात. जुनी मंडळी त्यांची गाडी ओळखतात आणि पलीकडच्या फुटपाथवरून जातात. म्हणून भाऊंची नजर नव्यानं बदलून आलेल्या माणसावर असते. कोल्हापूरकडून बँकेत आलेला, अजून बिऱ्हाड न आणलेला अधिकारी म्हणजे घरट्यातून खाली पडलेलं पिल्लू. "सायेब, रविवारी काय करता?" असा भाऊ सहज प्रश्न टाकतात. "काही नाही," असं त्यानं म्हटलं की संपलं. जाळं पडलेलं असतं.

पहिला रविवार झकास जातो. पवनारला धाम नदीच्या पात्रात खडकाखडकांवरून धोबी शेपट्या हलवत असतात, विनोबांच्या आश्रमामागून ऊन वर येतं, नवा सोबती अकरा पाखरं ओळखतो आणि गावी बायकोला फोन करून सांगतो, की इथं फारच छान आहे. दुसऱ्या रविवारी तो येतो, पण जांभया देतो. तिसऱ्या रविवारी त्याच्या पोटात दुखतं.

"हाव भाऊ, उठलोच होतो," असं पलीकडून म्हणणारा माणूस उठलेला आहे की नाही, हे भाऊंना नुसत्या आवाजावरून कळतं. झुडपातल्या एका टिकटिकीवरून पाखराचं नाव सांगणारा कान तो. गोधडीतून आलेला आवाज आणि मोरीतून आलेला आवाज त्याला वेगळा कळायचाच. "फक्त चूळ भरतो अन् निंघतो," असं कुणी म्हणालं, तर भाऊ वहीत त्याचं नाव खोडतात. चूळ भरणारा माणूस तसं सांगत नाही. त्याचं तोंड भरलेलं असतं.

भाऊंच्या दुःखाचं मूळ त्यांच्या आजोबांत आहे. आजोबा एका मालगुजाराच्या वाड्यावर कारभार पाहत आणि हंगामात तितरांच्या शिकारीला जात. ते खादी वापरत. सेवाग्राम जवळच, आणि गांधीजी 1936 पासून तिथं राहायला आलेले. म्हणून सेवाग्रामच्या बाजूला बार काढायचा नाही, असा आजोबांचा नियम होता. अहिंसेला त्यांनी एक दिशा दिली होती.

"आजोबाले कधी सोबती शोधा लागला नाही," भाऊ सांगतात. पहाटे वाड्याच्या दरवाजाशी आठ गडी उभे असायचे, न बोलावता. दोघं हाका घालायला, एक झोळी धरायला, एक कुत्र्याला आवरायला, एक नुसता वाटा माहीत असलेला. एकाकडे मसाल्याची पुडी. उरलेले दोघं काही करत नसत, पण नेम लागला की "वा!" म्हणत आणि चुकला की वाऱ्याला दोष देत. तुरीच्या ओळीतून तितर भर्रकन उठायचा, बार व्हायचा, आणि संध्याकाळी आंब्याखाली हंडी चढायची. आला त्याला वाटी. नाही आला त्याला वास. अख्ख्या हंगामात एक गडी गळाला नाही, हे भाऊ अशा आवाजात सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं पानिपताची गोष्ट चालली आहे.

मी एकदा म्हणालो, "भाऊ, ते गडी आजोबांसाठी येत नव्हते. हंडीसाठी येत होते."

भाऊ बराच वेळ दुर्बिणीतून कुठल्याच झाडाकडे पाहत नव्हते.

खरं तेच आहे. मालगुजारी 1951 साली गेली. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. लहानसहान पाखरांच्या शिकारीचे परवाने तेवढे शिल्लक होते, तेही 1991 च्या दुरुस्तीनं गेले. गेले ते बरंच झालं. भाऊंनाही बंदुकीचं काही नाही, कुणी गलोल घेतलेलं पोट्टं दिसलं तरी ते गाडीतून उतरून त्याच्या बापाला शोधून काढतात. त्यांना फक्त ते आठ गडी हवे आहेत. पण शिकारीच्या शेवटी रस्सा होता आणि निरीक्षणाच्या शेवटी वही आहे. वहीत लिहिलेलं असतं : राखी तितर, 4. चार तितर, आणि चारही जिवंत. त्यासाठी गोधडीबाहेर कोण येणार?

रश्श्याच्या जागी काय ठेवावं, यावर भाऊंनी प्रयोग केले आहेत. आमच्या जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी. त्यामुळे थंडीत माणसं गोळा करण्याचा इतर जिल्ह्यांतला हमखास मार्ग इथं अधिकृतपणे बंद. अनधिकृतपणे गोळा झालेली माणसं पहाटे पाचला उठत नाहीत, उलट त्या सुमारास झोपतात. मग भाऊंनी तर्रीपोह्यांचं आमिष लावलं. सुरुवातीला पोहे आधी द्यायचे. मंडळी आर्वी नाक्यावर सहाला जमली, दोन-दोन प्लेटा पोहे, वर तर्री, वर पुन्हा तर्री असं झालं, आणि कुणीतरी आकाशाकडे पाहून म्हणालं, "आता काय भाऊ, ऊन वर आलं." पाखरं राहिली, पोहे झाले. पुढच्या रविवारपासून भाऊंनी पोहे शेवटी ठेवले. त्या दिवशी सगळे बरोब्बर नऊला थेट टपरीवरच आले आणि भाऊंना म्हणाले, "काय काय दिसलं मंग?"

कुणी सलीम अलींचं नाव काढलं की भाऊ हळवे होतात. ही गोष्ट त्यांनी मला सहा वेळा सांगितली आहे. 1908 सालची. मुंबईत एका पोरानं छऱ्याच्या बंदुकीनं चिमणी पाडली. गळ्यावर तिच्या पिवळा डाग. पोरगं ते पाखरू घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेलं, तिथल्या मिलार्ड साहेबानं त्याला हाकललं नाही, एकामागून एक कप्पे उघडून पेंढा भरलेली पाखरं दाखवली. तिथून पुढचे सलीम अली झाले. साऱ्या देशाला या गोष्टीतून शिकारी पोराचा पक्षितज्ज्ञ झाला असं दिसतं. भाऊंना वेगळंच दिसतं. "पोरगं आपल्या पायानं आलं," ते म्हणतात. "बोलवा लागलं नाही त्याले."

तसे पाखरांवर प्रेम करणारे वर्ध्यात कमी नाहीत. 2018 साली आमच्या शहरानं शहरपक्षी निवडायला चक्क निवडणूक घेतली. बहार नेचर फाउंडेशन आणि नगरपरिषद यांनी ती घडवून आणली, उमेदवार पाखरं उभी राहिली, शाळाशाळांतून, चौकाचौकांतून मतं पडली, आणि भारतीय नीलपंख निवडून आला. मतदार हजारोंनी होते. भाऊंना त्या दिवशी आनंदानं जेवण गेलं नाही. शेवटी हिशेब त्यांनी असा मांडला : हजारो मतदार, त्यातले शेकडा एक जरी आले, तरी गाड्या पुरायच्या नाहीत. दुसऱ्या रविवारी पहाटे त्यांनी शेजाऱ्याची गाडीही मागून आणली. त्या गाडीत शेजारी एकटा बसून आला. गाडीची काळजी होती म्हणून.

मग पक्षी सप्ताह येतो. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर हा सलीम अलींचा. मधले आठ दिवस राज्य सरकारनं 2020 पासून पाखरांना दिले आहेत. हा भाऊंचा सुगीचा काळ. बॅनर लागतं. टोप्या वाटतात. दोन शाळा, एक महाविद्यालय, प्रमुख पाहुणे, उपप्रमुख पाहुणे आणि आभार मानायला एक स्वतंत्र माणूस, असा शंभराचा जथा तलावावर जातो. भोंग्यावरून 'पाखरांना शांतता हवी' या विषयावर भाषण होतं. ते पूर्ण होईपर्यंत तलावावर शांतता असते, कारण पाखरं पलीकडच्या गावी गेलेली असतात. 12 तारखेला प्रमाणपत्रं वाटली जातात. 13 तारखेला भाऊ पुन्हा तलावावर जातात. पाखरं परतलेली असतात, भाऊ असतात, आणि झाडाला बांधलेलं बॅनर असतं.

आता सोबत्यांच्या जाती. पाखरांच्या जाती ओळखण्याइतकंच ते अवघड आहे, कारण हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांचा पिसारा सारखाच असतो.

पहिला म्हणजे कॅमेरावाला. याचं भिंग एवढं मोठं असतं, की ते आधी गाडीत बसतं आणि मग तो. पाखराचं नाव त्याला नको असतं. "भाऊ, नाव मागून सांगा, आधी त्याले इकडं तोंड करायला लावा." शिंजीर दिसला की तो दीडशे फोटो काढतो आणि घरी जाऊन एकशे एकोणपन्नास पुसतो. उरलेला एक समाजमाध्यमावर जातो, त्याखाली भाऊ पाखराचं नाव लिहितात, आणि कॅमेरावाल्याला तीनशे शाबासक्या मिळतात. एकदा मनासारखा फोटो मिळाला की तो पुन्हा येत नाही. त्याचं पाखरू झालेलं असतं.

दुसरा वाघवाला. याला बोरला जायचं असतं. बोर 1970 साली अभयारण्य झालं, 2014 साली व्याघ्रप्रकल्प. तेव्हा तो देशातल्या व्याघ्रप्रकल्पांत सगळ्यात लहान होता. इतक्या लहान जागेत वाघ चुकणार कुठं, असा त्याचा तर्क. भाऊ धरणाच्या कडेला चक्रवाक दाखवतात, तर हा त्याच्या मागचं गवत पाहतो. "भाऊ, तिकडं हललं काहीतरी." वारा असतो.

तिसऱ्याचं मला नेहमी बरं वाटतं. तो प्रत्येक पाखराबद्दल एकच प्रश्न विचारतो : "हे खातेत काय?" भाऊ चिडतात. मला मात्र तो आजोबांच्या त्या आठ गड्यांपैकी कुणाचा तरी नातू वाटतो. हंडी गेली तरी पोराच्या रक्तात वाटी शिल्लक आहे.

या सगळ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण हंगामच असा आहे की त्यातल्या प्रत्येक रविवारावर दुसऱ्या कुणाचा तरी आधीच हक्क असतो. पाखरं येतात तेव्हाच सोयाबीन निघतं, लगेच कापूस फुटतो, तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लागायला लागतात, मग पोरांच्या परीक्षा, आणि परीक्षा संपेस्तोवर वर्ध्याचं ऊन. एकदा देवळीकडच्या एका शेतकऱ्याला भाऊ मोठ्या आशेनं म्हणाले, "पाटील, पाखरं मोजायले चार गडी पाह्यजे होते." पाटलांच्या शेतात पांढराशुभ्र कापूस लोंबत होता आणि वेचायला माणूस नव्हतं. ते म्हणाले, "भेटले त इकडंच पाठवा भाऊ. किलोमागं पैसे देतो."

जानेवारीतली पाणपक्ष्यांची गणना तर भाऊंच्या मनाला फार लागते. आशियाभर ती 1987 पासून चालू आहे. मोठ्या तलावाची मोजणी करायची तर निदान चार जण हवेत, चार काठांवर, एकाच वेळी. एका वर्षी 'नक्की येतो' म्हणणारे नऊ होते आणि तलावावर भाऊ एकटे. त्यांनी पूर्वेच्या काठावरून थापट्या बदकं मोजली, मग चिखलातून अर्धा तास चालत पश्चिमेच्या काठावर गेले, तर मोजलेली बदकं तिथं हजर. ती पुन्हा पूर्वेला उडाली. भाऊही पुन्हा पूर्वेला. दुपारी बारापर्यंत हे चाललं. भाऊ प्रामाणिक माणूस. त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि पुढं कंसात लिहिलं, 'हीच असावीत'.

त्याच दिवशी पट्टकादंब उतरले होते. मंगोलिया-तिबेटाकडचे हे हंस हिमालय ओलांडून आपल्याकडच्या तलावांवर हिवाळा काढायला येतात. त्यांच्याकडे पाहत भाऊ म्हणाले, "हे हिमालय चढून आले. अन् आपला रामनगरचा माणूस पुलावर गर्दी असन म्हणून आला नाही."

गावकऱ्यांचं वेगळंच. पहाटे दुर्बीण लावून शेताच्या बांधावर उभा असलेला माणूस पाखरं पाहतोय, यावर आमच्या भागात आता कुणी विश्वास ठेवत नाही. समृद्धी महामार्ग सेलू-आर्वीकडून गेला तेव्हापासून दुर्बीणवाला म्हणजे मोजणीवाला. त्यात शक्तिपीठ महामार्ग पवनारपासून निघणार असं ठरल्यापासून तर विचारायलाच नको. एकदा भाऊ माळावर पखुर्डीची जोडी न्याहाळत होते. पाहता पाहता मागं बारा-पंधरा माणसं गोळा झाली, सातबारा घेऊन. भाऊंच्या आयुष्यातला सर्वांत मोठा जमाव तो. त्यांनी संधी सोडली नाही. सगळ्यांना पाळीपाळीनं दुर्बिणीतून पखुर्डी दाखवली. जाताना एक म्हातारा म्हणाला, "पाखरू चांगलं हाय सायेब. पन आमचं वावर वाचवा."

महाकाळीच्या धरणाकडच्या एका गुराख्याची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली. भाऊ दर रविवारी तिथं जात, आणि हा गुराखी आपली गुरं सोडून त्यांच्यामागं दहा पावलांवरून चाले. बोलत नसे. भाऊ थांबले की थांबे, वाकले की वाके. दसऱ्यापासून माघापर्यंत एक रविवार चुकला नाही. भाऊंना भरून यायचं. अखेर एका सकाळी त्यानं धीर करून विचारलं, "दादा, दर इतवारी येता. गाय हरवली का म्हैस?"

भाऊंनी त्याला खरं सांगितलं. पुढच्या रविवारी तो आला नाही.

मीही आता काही धुतल्या तांदळाचा नाही. मी तीन हंगामांत मिळून सात रविवार गेलो, म्हणजे भाऊंच्या वहीत माझा दुसरा नंबर आहे. गेल्या खेपेला पाचला फोन आला तेव्हा अर्धवट झोपेत मी सांगितलं, "भाऊ, मामा आले रात्री, कसा निघू?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग भाऊंनी काळजीनं विचारलं, "कोणते मामा? वारले होते ते?"

त्यांना सगळ्यांचे मामा पाठ आहेत. एवढ्या वर्षांत तीच कारणं ऐकून होणारच. तरी ते रागावले नाहीत. दहा मिनिटांनी माझ्या फाटकाशी गाडी थांबली. भाऊ हॉर्न वाजवत नाहीत, पाखरं बिचकतात म्हणून. त्यांनी खिडकीतून टिटवीचा आवाज काढला. शेजारची म्हातारी टिटवी ओरडणं अशुभ म्हणून देवाजवळ दिवा लावायला उठली. मी निमूट बूट घातले.

त्या दिवशी पवनारच्या रस्त्याला एका बाभळीखाली सातभाई उतरले होते. मातकट रंगाची, विस्कटलेल्या केसांची, सतत भांडणारी पाखरं. सात म्हणतात, पण कधी सहा असतात, कधी नऊ. पाला उलटतात, एकमेकांची पिसं साफ करतात, एक उडालं की बाकीचे शिव्या देत त्याच्या मागं. उन्हाळा-पावसाळा तेच, हंगाम असा नाहीच. भाऊंनी दुर्बीण खाली ठेवली. इतक्या जवळ होते ते.

"यायले कोनी फोन करत असन का?" भाऊ म्हणाले.

मग त्यांनी मोजले. आठ निघाले. वहीत आठ लिहिले.

यंदा दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, आर्वी नाका, पहाटे सव्वापाच. गाडीत भाऊ आणि मी धरून पाच जण मावतात. पोहे शेवटी आहेत. स्वेटर एकच आहे, मोठ्या मापाचा. आणि पाचला फोन वाजला तर घाबरू नका, उचला. तुमच्याकडे कुणी गेलेलं नाही.